सुंदर खेळून हरलेला ब्राझील आणि परत आलेला माझा सिनॉप्सिस

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी आरआरसीपुढे जो सिनॉप्सिस ठेवला, तो फुटबॉलवर होता. प्रश्न असा: बघणाऱ्याचं मन रिझवेल असा खेळ करून घेणारे प्रशिक्षक आणि फक्त निकालाकडे बघणारे प्रशिक्षक, यांत जास्त यशस्वी कोण? उदाहरण ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे कागद चाळले आणि माझ्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हा 'शैली'चा रकाना कोणी भरला?"

मी म्हटलं, "मीच."

"सामन्यांचे निकाल माहीत असताना?"

"हो."

त्यांनी कागद मिटले. सिनॉप्सिस परत आला आणि माझे सहा महिने गेले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सहा महिन्यांत सुटलो हे बरं झालं. हीच चूक व्हायवात सापडली असती तर?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची किंवा नेट-सेटची तयारी करत असाल, कोणी सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल. म्हणून माझी ती चूक इथे पूर्ण उघडून दाखवतो. त्यासाठी आधी तो वाद नीट समजून घ्या. वाद जुना आहे आणि तो करणारे लोक मूर्ख नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

वाद काय आहे

ब्राझीलमध्ये या वादाला दोन नावं आहेत. एका बाजूला 'फुतेबोल-आर्ते', म्हणजे कला म्हणून खेळलेला फुटबॉल. दुसऱ्या बाजूला 'फुतेबोल दे रेझुल्तादोस', म्हणजे निकालाचा फुटबॉल. पहिल्या बाजूचा देव म्हणजे तेले सान्ताना, १९८२ च्या संघाचे प्रशिक्षक. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो अशी त्यांची मधली फळी होती. दुसऱ्या बाजूचा माणूस म्हणजे कार्लोस अल्बेर्तो पारेरा. त्यांच्या १९९४ च्या संघाचा कर्णधार डुंगा आणि त्याच्या जोडीला माउरो सिल्वा. दोघेही आधी घर सांभाळणारे. सान्तानांचा संघ सेमीफायनललाही पोचला नाही. पारेरांच्या संघाने २४ वर्षांनी वर्ल्डकप घरी नेला. तरी ब्राझीलमध्ये प्रेम जास्त कोणावर, तर १९८२ वर.

आमच्या कोल्हापुरात हा वाद परका नाही. वर्ल्डकप आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि घराघरात फाळणी होते. माझे काका कट्टर ब्राझीलवाले. लहानपणापासून मी त्यांच्या तोंडून ऐकत आलोय, "ब्याऐंशीचा ब्राझील हरला, पण तसा खेळ परत झाला नाही बघ." आणि त्यांचे मित्र, तेही ब्राझीलवालेच, म्हणायचे, "खेळ काय चाटायचाय? कप कुठाय?"

गंमत बघा. दोघंही एकच उदाहरण देतात. एकासाठी १९८२ म्हणजे सुंदर खेळ हरतो याचा पुरावा. दुसऱ्यासाठी १९८२ म्हणजे सुंदर खेळ हरूनही जिंकतो याचा पुरावा. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच चालतो, तो कोणत्याच बाजूची परीक्षा घेत नाही. तुमच्या विषयात असं उदाहरण सापडलं की तिथे थांबा. मी थांबलो नव्हतो.

चार खाने

एक कोरा कागद घ्या. आडवे दोन, उभे दोन असे चार खाने काढा. शैली आकर्षक की सावध, हा एक चल. जिंकले की हरले, हा दुसरा. वादात आपण फक्त दोन खाने वापरतो: 'सुंदर आणि हरलेला' म्हणजे १९८२, 'सावध आणि जिंकलेला' म्हणजे १९९४. उरलेले दोन खाने कोणी बघत नाही. ते रिकामे आहेत का?

'सुंदर आणि जिंकलेला' यात १९७० बसतो. प्रशिक्षक झागालो, संघात पेले. सहा सामने, सहाही जिंकले, १९ गोल केले, ७ खाल्ले. फायनलमध्ये इटलीला ४-१.

'सावध आणि हरलेला' यात १९९० बसतो. प्रशिक्षक सेबास्तियाव लाझारोनी, मागे तीन मधले बचावपटू, त्यात एक लिबेरो. पहिले तीन सामने एकेका गोलच्या फरकाने जिंकले आणि पुढच्याच फेरीत कनिजियाच्या गोलवर अर्जेंटिनाकडून ०-१ हरले. चार सामन्यांत एकूण चार गोल. ना खेळ, ना कप.

हा चौथा खाना निकालवाल्यांना फार अडचणीचा आहे, म्हणून तो कधी ऐकू येत नाही. सावध खेळलं की निकाल मिळतो, असं म्हणायचं असेल तर १९९० चं काय करायचं? आणि सुंदर खेळलं की हरतो, असं म्हणायचं असेल तर १९७० चं काय? संशोधनाच्या भाषेत ही निवडीची चूक. आपल्याला हवे तेवढेच नमुने उचलायचे आणि त्यावरून नियम काढायचा. ज्यांनी 'यशस्वी उद्योजकांचे सात गुण' छापाचे विषय निवडले आहेत, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तेच सात गुण असलेले बुडालेले उद्योजक तुमच्या नमुन्यात आहेत का?

रकाना कोणी भरला

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. चारही खाने भरले तरी काम झालं का? नाही. कारण 'सुंदर' आणि 'सावध' ही लेबलं मी लावली होती, आणि लावताना मला शेवट माहीत होता.

इथे दोन संशोधनं तुम्हाला माहीत असायला हवीत. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं की एखाद्या घटनेचा शेवट सांगितला की लोकांना तो शेवट आधीपासूनच अटळ होता असं वाटायला लागतं. त्यांनी वापरलेल्या घटनांपैकी एक आपल्या जवळची होती: १८१४ चा इंग्रज आणि गुरखा यांचा संघर्ष. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला, आणि ज्याला जो शेवट सांगितला त्याला तोच जास्त संभाव्य वाटला. पुढे १९८८ मध्ये बॅरन आणि हर्शी यांनी दाखवलं की निर्णय तोच, माहिती तीच, पण परिणाम वाईट झाला की लोक निर्णयालाच वाईट ठरवतात. त्यांच्या उदाहरणांत डॉक्टरांचे निर्णय होते. डॉक्टरच्या जागी फुटबॉलचा प्रशिक्षक ठेवून बघा.

माझा तक्ता असाच भरला गेला होता. १९९४ ला मी 'कंटाळवाणा' लिहिलं, कारण फायनल ०-० होती आणि पेनल्टीवर सुटली. पण त्याच संघाचा नेदरलँड्सविरुद्धचा क्वार्टरफायनल आठवतो का? ३-२. पाचही गोल उत्तरार्धात, दोन गोलची आघाडी घालवून शेवटी ब्रँकोची फ्रीकिक. अमेरिकेविरुद्ध फक्त १-० जिंकले, हेही मी 'सावध' या नावाखाली टाकलं होतं. मध्यंतराच्या आधीच लिओनार्दोला लाल कार्ड मिळालं होतं आणि संघ पुढे दहा जणांनिशी खेळला, हे मी तक्त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. दहा जणांच्या खेळाला तुम्ही शैली म्हणणार की नाइलाज?

आणि १९८२? तिथे मी डोळे मिटून 'अतिआक्रमक' लिहिलं होतं.

सामना पुन्हा पाहिला

सिनॉप्सिस परत आल्यावर मी एक काम केलं, जे खरं तर आधी करायचं असतं. मूळ साधन उघडलं. ५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम, ब्राझील विरुद्ध इटली. पूर्ण सामना, वही घेऊन.

या सामन्याची रूढ कथा अशी: ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. ६८ व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं. पण सुंदर खेळाच्या नादात ते हल्लाच करत राहिले, मागे जागा सोडली आणि रॉसीने तिसरा गोल मारला. काकांचे मित्र हेच सांगायचे. मीही सिनॉप्सिसमध्ये हेच लिहिलं होतं.

आता रॉसीचे तीन गोल बघा. पहिला, डावीकडून काब्रिनीचा क्रॉस आणि रॉसीचं हेडर. दुसरा, सेरेझोने आपल्याच अर्ध्यात आडवा पास दिला, तो रॉसीने मधेच पकडला. तिसरा, ७४ व्या मिनिटाला, इटलीच्या कॉर्नरनंतर. कॉर्नर! म्हणजे त्या क्षणी ब्राझीलचे खेळाडू पुढे धावत नव्हते, ते आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये गर्दी करून उभे होते. चेंडू अर्धवट बाहेर आला, परत आत मारला गेला आणि रॉसीने पाय घातला. हा हल्ल्याच्या हव्यासाने खाल्लेला गोल नाही, हा बचाव करताना खाल्लेला गोल आहे.

आडव्या पासबद्दल तुम्ही म्हणाल, तो तरी शैलीचाच दोष. मान्य, तसा युक्तिवाद करता येईल. पण मग तो तीनपैकी एका गोलचा युक्तिवाद झाला, अख्ख्या सामन्याचा नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या कथेत इटली म्हणजे दगडी भिंत. पण त्या दिवशी भिंतीने तीन गोल मारले, आणि अंतोन्योनीचा चौथा ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. 'सुंदर विरुद्ध सावध' हे नाव आपण सामन्याला नंतर दिलं.

मी काकांना हे सांगायला गेलो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, मी तरी तो सामना कुठे बघितलाय? पेपरात वाचला होता. ब्राझील पहिल्यांदा टीव्हीवर बघितला तो शहाऐंशीला." चाळीस वर्षं ते ज्या सामन्याचं दुःख करत होते, तो त्यांनी पाहिलेलाच नव्हता. मी हसलो नाही. कारण मीही सिनॉप्सिस तो सामना न बघताच लिहिला होता, आणि मला त्यासाठी फेलोशिप हवी होती.

१९८६ कुठे टाकणार?

काकांनी पाहिलेला १९८६ चा संघ हा तर आमच्या सगळ्या वादाची खरी परीक्षा आहे. प्रशिक्षक तेच, तेले सान्ताना. पाच सामने, १० गोल केले आणि खाल्ला फक्त एक. हल्ल्याचा देव म्हणवणाऱ्या माणसाच्या संघाने पाच सामन्यांत एक गोल खाल्ला! १९९४ च्या 'बचावात्मक' संघाने सात सामन्यांत तीन खाल्ले. म्हणजे हल्ला आणि बचाव ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, हे गृहीतकच तपासायला हवं.

आता शेवट बघा. १९८६ मध्ये फ्रान्सशी १-१, चालू खेळात झिकोची पेनल्टी अडवली गेली, आणि शेवटी शूटआउटमध्ये ३-४. संघ घरी. १९९४ मध्ये इटलीशी ०-०, शूटआउटमध्ये ३-२, बाजिओचा फटका आडव्या दांड्यावरून गेला. संघ जगज्जेता. दोन्ही संघ त्या स्पर्धेत खेळाच्या वेळेत एकदाही हरले नाहीत. एकाला आपण 'रोमँटिक पण अपयशी' म्हणतो, दुसऱ्याला 'रुक्ष पण यशस्वी'. या दोन विशेषणांमधलं अंतर मोजायचं तर ते शूटआउटच्या एकदोन फटक्यांएवढं भरतं. बाजिओ आणि त्याच्या आधीचे दोघे चुकले नसते, तर पारेरांचं नाव आज कोणत्या खान्यात असतं?

२०२२ पर्यंत वर्ल्डकप म्हणजे जास्तीत जास्त सात सामने असायचे. इतक्या लहान नमुन्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. शिवाय दोन संघांत फक्त शैलीचाच फरक नव्हता. १९८२ ला स्पर्धेच्या तोंडावर करेका जखमी झाला आणि पुढे सर्जिन्यो खेळला. १९९४ ला पुढे रोमारिओ होता. आणि गंमत म्हणजे, शेवटच्या पात्रता सामन्याआधी पारेरांनी त्याला परत बोलावलं नसतं तर तोही नसता. उरुग्वेविरुद्धच्या त्या सामन्यात दोन्ही गोल त्याचेच. मग १९९४ चं श्रेय सावध शैलीला द्यायचं की रोमारिओला? हा निव्वळ फुटबॉलचा प्रश्न नाही. तुमच्या 'नवीन अध्यापन पद्धतीचा परिणाम' या विषयात नवीन पद्धत आणि शाळेतली सर्वांत चांगली शिक्षिका एकाच वर्गात असतील, तर तुमचीही हीच अडचण होणार आहे.

आणि १९८२ वरून 'सान्तानांच्या पद्धतीने ट्रॉफी मिळत नाही' असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी थोडं पुढे बघावं. याच सान्तानांच्या साव पावलो संघाने १९९२ आणि १९९३ अशी सलग दोन वर्षं लिबेर्तादोरेस जिंकली, आणि त्याच दोन वर्षी इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये आधी क्रॉयफच्या बार्सिलोनाला आणि मग मिलानला हरवलं.

मग वाद निरर्थक आहे का?

इथे मी एका गोष्टीवर ठाम आहे. आकडेमोड शिकलेली मंडळी अनेकदा चाहत्यांना हसतात: भावनेचा बाजार आहे, डेटा कुठाय? मला ते पटत नाही. वादात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, एवढंच.

पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा: अमुक शैलीने खेळलं की जिंकण्याची शक्यता वाढते की घटते? याला मोजमाप लागतं, मोठा नमुना लागतो, आणि शैलीची व्याख्या निकालाआधी ठरवावी लागते. पाच वर्ल्डकपांवरून याचं उत्तर मिळत नाही. माझ्या सिनॉप्सिसला मिळणार नव्हतं.

दुसरा प्रश्न मूल्याचा: फुटबॉल कशासाठी बघायचा? याला कितीही मोठा डेटा पुरणार नाही. काका म्हणतात, "कप त्यांच्या कपाटात जातोय, माझ्या हातात काय येतंय? नव्वद मिनिटं. ती तरी चांगली जाऊ देत की." हा अडाणी युक्तिवाद नाही. प्रशिक्षकाची नोकरी निकालावर असते, चाहत्याची संध्याकाळ खेळावर असते. दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या असणारच. काकांची चूक मूल्यात नव्हती. चूक तेव्हा होते, जेव्हा मूल्याची बाजू जिंकण्यासाठी आपण वस्तुस्थिती वाकवतो. 'मला सुंदर खेळ आवडतो' हे म्हणायला १९८२ चा संघ अन्यायाने हरला असं सिद्ध करावं लागत नाही. तसंच 'मला कप हवा' म्हणणाऱ्याला रॉसीचा कॉर्नरवरचा गोल प्रतिहल्ल्याचा ठरवावा लागत नाही.

तुमच्या प्रश्नात हे दोन धागे गुंतले असतील तर आधी सोडवा. 'मराठी माध्यम चांगलं की इंग्रजी?' हा प्रश्न नाही, गुंता आहे.

वहीतला आकडा

शेवटी एक प्रसंग. ९ डिसेंबर २०२२, ब्राझील विरुद्ध क्रोएशिया, क्वार्टरफायनल. मी काकांना म्हटलं, नव्वद मिनिटं संपली की खेळाला दहापैकी गुण द्यायचे, वहीत लिहायचे, मग पुढचं बघायचं. नव्वद मिनिटांनंतर ०-० होतं, लिवाकोविच एकामागून एक फटके अडवत होता. काकांनी पेनाने लिहिलं: ७.

जादा वेळेत नेमारने गोल केला, तेव्हा घरात आरडाओरडा. मग ११७ व्या मिनिटाला पेटकोविचने बरोबरी केली आणि पेनल्टीवर ब्राझील बाहेर. टीव्ही बंद झाला. रात्री बाराच्या सुमारास काका माझ्या खोलीच्या दारात आले.

"ती वही आण बघू. सात कुठले? चार कर त्याचे."

मी म्हटलं, "काका, ती नव्वद मिनिटं तीच आहेत की. त्यात काय बदललं?"

ते थोडा वेळ उभे राहिले. म्हणाले, "राहू दे मग सात," आणि झोपायला गेले.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये शैलीचा रकाना आता मी भरत नाही. ज्यांना निकाल दाखवलेला नाही अशी दोन वेगळी माणसं भरतील, गुण कशाला द्यायचे हे आधी लिहून ठेवलेलं असेल, आणि दोघांचं किती जुळतं तेही मोजलं जाईल. विषय लहान झाला आहे. 'यशस्वी कोण' ऐवजी आता प्रश्न एवढाच आहे की निकाल कळल्यावर बघणारा खेळाचे गुण किती बदलतो. आरआरसीने तो मान्य केला.

तुम्ही आज एवढंच करा. तुमच्या सिनॉप्सिसमधला प्रत्येक रकाना घ्या आणि त्याच्यापुढे दोन गोष्टी लिहा: हा कोण भरणार, आणि भरताना त्याला काय काय आधीच माहीत असणार. जिथे 'मीच' आणि 'सगळं' अशी उत्तरं येतील, तिथे समितीचं बोट पडण्याआधी तुमचं पडू द्या.